‘पुढल्या वर्षी पाहा!’ : एका क्रीडाभक्तीची कहाणी

खेळ हा खेळणाऱ्याचा. पाहणाऱ्याने दोन घटका मन रमवावे, टाळी वाजवावी आणि घरी जावे, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. जो पाहणारा घरी गेल्यावर जेवत नाही, ज्याची झोप उडते, आणि ज्याला आपल्या संघाचा पराभव घरातल्या अरिष्टासारखा वाटतो, त्याच्याकडे शहाणी माणसे एकतर कीव करून पाहतात किंवा हसून. वाङ्मयाच्या प्रांतात तर अशा माणसाला प्रवेशच नाही. नाटकाच्या प्रेक्षकावर आमच्या साहित्यशास्त्रकारांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. खेळाच्या प्रेक्षकाची त्यांनी विचारपूसही केली नाही. अमेरिकेत मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत या उपेक्षित प्राण्याने स्वतःचे असे एक वाङ्मय उभे केले आहे. त्यांतील एका पुस्तकाचा विचार येथे करावयाचा आहे. तो करताना आम्हांस आमच्याच काही मतांची फेरतपासणी करावी लागली, हेही आरंभीच कबूल केलेले बरे.

हे पुस्तक म्हणजे डोरिस कर्न्स गुडविन या इतिहासकार विदुषीचे १९९७ साली प्रसिद्ध झालेले ‘वेट टिल नेक्स्ट इयर’ हे बाळपणाचे आत्मवृत्त होय. गुडविनबाईंचे नाव अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या चरित्रांमुळे सर्वश्रुत आहे. लिंडन जॉन्सन यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली निघाला; फ्रँकलिन व एलिनॉर रूझवेल्ट यांच्यावरील ग्रंथास १९९५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. अशा भारदस्त लेखिकेने बेसबॉलवर पुस्तक लिहावे, याचे कारण त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. १९९४ साली केन बर्न्स यांनी बेसबॉलच्या इतिहासावर जो प्रदीर्घ बोलपट काढला, त्यांत बाईंनी आपल्या लहानपणच्या आठवणी सांगितल्या. पुढे त्या राष्ट्राध्यक्षांवर व्याख्याने देण्यास जात, तेथे लोक राष्ट्राध्यक्ष बाजूस ठेवून बेसबॉलविषयीच विचारू लागले. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता बोस्टनजवळ स्थायिक झाला आहे, हे पुस्तक आम्हांस पाठविले, तेव्हा आम्ही ते कपाटात ठेवून दिले. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा एक आडदांड चुलतभाऊ, अशी आमची समजूत होती. दोन वर्षांनी एका पावसाळी सुट्टीत ते हाती धरले आणि दोन रात्रींत संपविले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ आळीपाळीने नऊ डाव खेळतात. प्रत्येक डावात तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. पूर्वी घड्याळाचा संबंध नसे. शेवटचा गडी बाद होईपर्यंत कोणताही सामना हातचा गेला असे म्हणता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट सामन्यांच्या संख्येची. ज्या काळाची ही कथा आहे त्या काळी एकेक संघ एप्रिलपासून सप्टेंबर अखेरपर्यंत १५४ सामने खेळत असे. म्हणजे जवळजवळ रोजचाच तो नेम. अव्वल ठरलेला संघही त्यांतले पन्नास-साठ सामने हरतो. बेसबॉलच्या भक्ताला पराभव हा सणासुदीचा अपघात नसून आठवड्यातून दोनदा घरी येणारा पाहुणा असतो. या एका गोष्टीने या भक्तीला जी चिवट, सोशीक, घरगुती घडण दिली आहे, ती वर्षातून पाच-सहा कसोट्या पाहणाऱ्या आमच्या पिढीला प्रथम ध्यानात येत नाही.

आणि त्यातही ब्रुकलिनचा संघ! ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. त्या साली ते न्यूयॉर्कच्या पोटात गेले. आपले शहरपण गेले, पण संघ राहिला, आणि त्या संघावर सगळ्या गेलेल्या शहरपणाचा अभिमान येऊन बसला. रस्त्यांतल्या ट्रामगाड्या चुकवीत धावणारे ते ‘डॉजर्स’, असे ब्रुकलिनच्या लोकांवरून संघाचे नाव पडले. १९१३ साली उघडलेले एबेट्स फील्ड हे त्यांचे मैदान इतके अडचणीचे की, जेमतेम ३२,००० माणसे मावत, आणि खेळाडूंचे बोलणे पुढच्या रांगांना ऐकू येई. हिल्डा चेस्टर नावाची एक बाई हातात घंटा घेऊन तेथे येत असे व तिच्या गर्जनेने मैदान दणाणून जाई. लोक आपल्याच संघाला लाडाने ‘बम्स’, म्हणजे भणंग, म्हणत. हा भणंगांचा संघ १९४१, १९४७, १९४९, १९५२ व १९५३ अशा पाच वेळा अखेरच्या जागतिक मालिकेपर्यंत पोहोचला आणि पाचही वेळा शेजारच्याच यांकी संघाकडून हरला. दर शरदात ब्रुकलिनच्या गल्ल्यांतून एकच वाक्य ऐकू येई : पुढल्या वर्षी पाहा!

पुस्तकाचा प्राण पहिल्या काही पानांतच आहे. १९४९ च्या उन्हाळ्यात, डोरिस सहा वर्षांची असताना, तिच्या वडिलांनी तिला धावसंख्या टिपण्याची एक लाल वही आणून दिली आणि ती कशी भरावयाची ते शिकविले. मायकेल कर्न्स हे न्यूयॉर्क राज्याच्या नोकरीत बँकांचे तपासनीस होते. दिवसभर लोकांचे हिशेब तपासावे आणि संध्याकाळी लाँग आयलंडवरील रॉकव्हिल सेंटर या गावी घरी यावे, असा त्यांचा क्रम. त्या काळी सामने बहुधा दुपारी होत. मुलगी रेडिओपाशी बसून रेड बार्बर या निवेदकाचे बोलणे ऐके, प्रत्येक चेंडूची नोंद वहीत करी, आणि वडील घरी आले की ती वही पुढ्यात घेऊन सगळा सामना त्यांना पुन्हा सांगे. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी हे सारे छापून येते, ही गोष्ट वडिलांनी तिला सांगितलीच नाही. आपण सांगितले नाही तर बाबांना सामना कळणारच नाही, अशा समजुतीत ती मुलगी वाढली. जगात इतकी प्रेमळ फसवणूक क्वचितच कोणी कोणाची केली असेल.

या वहीविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण ती आमच्या लेखी पुस्तकाची खरी नायिका आहे. बेसबॉलच्या नोंदीत प्रत्येक क्षेत्ररक्षकास १ ते ९ पर्यंतचा एक अंक असतो. चेंडू शॉर्टस्टॉपने अडवून दुसऱ्या बेसकडे दिला, तेथून तो पहिल्या बेसकडे गेला आणि दोन गडी बाद झाले, तर वहीत एवढेच लिहावयाचे : ६-४-३. डोरिसच्या पहिल्या वहीत हे तीन आकडे आले की त्यांचा अर्थ रीस, रॉबिन्सन, हॉजेस. त्यांतला पहिला केंटकीचा गोरा दाक्षिणात्य, तिसरा इंडियानाचा, आणि मधला तो जॅकी रॉबिन्सन, जो १५ एप्रिल १९४७ रोजी मैदानात उतरला तेव्हा आधुनिक काळात वरिष्ठ संघांतून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. देशात अनेक ठिकाणी ज्यांना एका पंगतीस बसता आले नसते, ते तिघे वहीच्या एका खान्यात शेजारी-शेजारी बसलेले आहेत, आणि सहा वर्षांच्या मुलीला त्यात काही विशेष वाटत नाही. लेखिकेने हा मुद्दा बोलून दाखविला नाही. न दाखविला ते उत्तमच झाले.

आमच्या वाचकांना मौज वाटावी अशी एक गोष्ट येथे सांगून टाकतो. ही नोंदपद्धती ज्याने रूढ केली तो हेन्री चॅडविक जन्माने इंग्लंडातील एक्झिटरचा, आणि अमेरिकेत आधी क्रिकेटच्या सामन्यांचा वार्ताहर होता. तेव्हा आडदांड चुलतभावाच्या जमाखर्चाची वही आमच्याच घरून गेलेली आहे! आमच्या वडिलांपाशीही अशी एक वही होती. १९७९ च्या सप्टेंबरात ओव्हलवर गावसकर २२१ धावा काढून बाद झाले आणि भारताचा संघ विजयापासून अवघ्या ९ धावांवर थांबला, त्या संध्याकाळी वडील रेडिओला कान लावून त्या वहीत टिंबे काढीत होते, आणि आम्ही त्यांच्या मांडीशी बसून पेन्सिलीला टोक करून देत होतो. या पुस्तकाविषयी आमचे मत पक्षपाताचे असेल, तर त्याचे मूळ तेथे आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. संघ हरला म्हणून जे दुःख होते ते कोणत्या जातीचे? शाकुंतलाच्या चौथ्या अंकात आपण डोळे पुसतो, परंतु शकुंतला आपली मुलगी नव्हे हे भान सुटत नाही. म्हणूनच त्या अश्रूंत गोडी असते. तात्यासाहेब केळकरांनी या अवस्थेस ‘सविकल्प समाधी’ असे समर्पक नाव दिले. दुसऱ्याशी एकरूप व्हावयाचे, पण स्वतःला विसरावयाचे नाही. क्रीडाभक्ताच्या ठिकाणी हा विकल्प उरतो काय? आम्हांस वाटते, नाही. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी बॉबी थॉमसनच्या एका टोल्याने ब्रुकलिनच्या तोंडचा घास गेला, तेव्हा आठ वर्षांच्या डोरिसला जे झाले तो करुणरस नव्हे. ते निखळ दुःख होय. तिच्या गावातील खाटकाच्या दुकानात विरुद्ध पक्षाचे, म्हणजे जायंट्सचे, अभिमानी होते. त्यांची व तिची रोजची थट्टामस्करी चाले. त्या पराभवानंतर तिने त्या दुकानाची वाटच सोडली, तेव्हा त्या भल्या माणसांनी तिला फुले पाठवून परत बोलाविले. नाटक पाहून आलेल्या प्रेक्षकाचे असे समाधान करावे लागत नाही.

तटस्थता नसल्यामुळे द्वेषही खराच असतो. पुस्तकातील सर्वांत विनोदी प्रसंग यातूनच निघाला आहे. डोरिस ही श्रद्धाळू कॅथलिक कुटुंबातील मुलगी. पहिल्या पापनिवेदनाच्या वेळी तिने धर्मगुरूंपाशी कबुली दिली की, आपण दुसऱ्यांचे वाईट चिंतितो. आणि खोदून विचारता ते दुसरे म्हणजे विरुद्ध संघांतले नामांकित खेळाडू निघाले. कोणाचा हात मोडावा, कोणाचा पाय मुरगळावा, याची तिने यादीच केली होती! धर्मगुरू स्वतः डॉजर्सचेच अभिमानी निघाले, आणि आपला संघ सरळ मार्गाने जिंकेल, त्यासाठी कोणाचे हातपाय मोडावयास नकोत, असे त्यांनी समजाविले. आमच्या पुराणांत कंस-शिशुपालांना विरोधभक्तीने मुक्ती मिळाल्याचे सांगितले आहे. यांकींचे इतके अखंड नामस्मरण करणाऱ्या ब्रुकलिनच्या लोकांना त्या न्यायाने यांकींच्याच स्वर्गात जावे लागले असेल, या कल्पनेने आम्हांस हसू आवरेना. पण प्रसंग नुसता विनोदी नाही. गिल हॉजेस हा खेळाडू १९५२ च्या मालिकेत २१ वेळा फळी चालवूनही एकदाही यशस्वी झाला नाही, तेव्हा हीच मुलगी आपले संत ख्रिस्तोफरचे पदक त्याला नेऊन देते. शाप आणि आशीर्वाद दोन्ही एकाच हृदयातून आणि सारख्याच गांभीर्याने निघतात. लेखिका प्रौढपणी त्यावर हसते, पण त्या मुलीला हास्यास्पद करीत नाही. आत्मचरित्रकारांना ही तारेवरची कसरत सहसा साधत नाही. आपल्याकडील बहुतेक बाळपणीच्या आठवणींत लेखक आपल्या लहानपणाची पाठ थोपटीत तरी असतो, नाहीतर त्याचा कान धरीत तरी.

मग खेळाच्या प्रेक्षकाला रस म्हणून काही लाभतच नाही काय? लाभतो, परंतु मैदानावर नव्हे. तो लाभतो संध्याकाळी, वही उघडल्यावर. बाई सांगतात की, प्रथम प्रथम वडील दारात पाऊल टाकतात न टाकतात तोच ती ओरडून निकाल सांगून टाकी. मग पुढच्या हकीकतीत दम राहत नसे. हळूहळू तिने ओळखले की, निकाल शेवटपर्यंत मुठीत ठेवला पाहिजे, आरंभापासून आरंभ केला पाहिजे, आणि सातव्या डावातले संकट सातव्या डावापूर्वी कळता कामा नये. दुपारी जे निव्वळ सुखदुःख होते ते संध्याकाळी कथा झाले, आणि कथा झाल्यावर त्यातील पराभवही गोड लागू लागला. श्रोत्याला गोष्ट ठाऊक असूनही त्याने मन लावून ऐकावे, ही तर आमच्या कीर्तनाचीच रीत. क्रीडाभक्त हा मैदानावर रसिक नसतो; तो सांगू लागला म्हणजे रसिक होतो. इतिहासकार गुडविन यांचा जन्म याच ओट्यावर झाला असे त्या स्वतः मानतात, आणि त्यांचे ग्रंथ ज्यांनी वाचले आहेत त्यांस ते पटेल.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. मध्यावर आल्यावर लेखिकेतील प्राध्यापिका जागी होते. रोझेनबर्ग दांपत्य, अणुबाँबच्या भीतीने शाळांत चालणाऱ्या कवायती, पोलिओ, १९५४ ची मॅकार्थी प्रकरणाची चौकशी, १९५७ चे लिटल रॉक, असे दशकाचे सगळे मानकरी क्रमाने येऊन हजेरी लावून जातात. मॅकार्थीची चौकशी पाहून गल्लीतली मुले एकमेकांवर खोटे खटले चालवितात, तो भाग जिवंत आहे. बाकीचा बराचसा भाग कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात मिळेल असा आहे. बाईंनी जुन्या शेजाऱ्यांना भेटून, दप्तरे तपासून आठवणी ताडून घेतल्या, हे त्यांच्या व्यवसायास शोभणारे आहे. परंतु त्यामुळे काही ठिकाणी आठवणीचा सुगंध जाऊन टाचणाचा वास येऊ लागतो. विजयाचे वर्णनही आम्हांस पराभवांच्या मानाने फिके वाटले. ४ ऑक्टोबर १९५५ रोजी जॉनी पॉड्रेसने यांकींना एकही धाव काढू दिली नाही, सातवा सामना २-० असा जिंकला आणि ते ‘पुढले वर्ष’ एकदाचे उजाडले. त्याही वर्षी नित्याच्या सामन्यांत या संघाने ५५ पराभव सोसलेच होते. आनंदीआनंद झाला, पण सुखाला इतिहास नसतो म्हणतात तसे पाने भराभर उलटतात. याचा दोष लेखिकेकडे किती आणि सुखाकडे किती, हे ठरविणे कठीण आहे.

याच संघावर रॉजर कान यांचे ‘द बॉईज ऑफ समर’ हे १९७२ साली निघालेले पुस्तक आहे, आणि दोन्ही जवळ ठेवून वाचल्याशिवाय एकाचेही मोल पुरते कळत नाही. कान हे १९५२ व १९५३ साली ‘हेरल्ड ट्रिब्यून’चे वार्ताहर म्हणून संघाबरोबर हिंडले, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच खेळाडूंना त्यांच्या त्यांच्या गावी जाऊन भेटले. ज्याच्या फेकीने मैदान थरारत असे तो कार्ल फुरिलो न्यूयॉर्कच्या नव्या गगनचुंबी इमारतीत लिफ्ट बसविण्याच्या कामावर आहे; बिली कॉक्स दारूच्या गुत्त्यात पेले भरतो; रॉय कॅम्पानेला १९५८ च्या मोटार अपघातापासून चाकांच्या खुर्चीत आहे; रॉबिन्सन आपल्या तरुण मुलाच्या मृत्यूचे दुःख गिळून बसलेला आहे. कानांच्या पुस्तकात देव माणसे होतात. गुडविनबाईंच्या पुस्तकात ते शेवटपर्यंत देवच राहतात, आणि माणसे असतात ती त्यांच्याकडे पाहणारी : रोज रेडिओ लावणारी आई, वही तपासणारे वडील, खाटीक, धर्मगुरू. वाङ्मय या दृष्टीने कानांचे पुस्तक अधिक खोल आहे, असे आमचे मत आहे. परंतु भक्ताचे चरित्र म्हणून बाईंचेच अधिक खरे. कारण भक्त देवाच्या घरी जेवावयास जात नाही.

आता पुस्तकातील सर्वांत अवघड भाग. संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवे मैदान हवे होते. न्यूयॉर्कच्या बांधकामांचे सर्वाधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी मागितलेली जागा दिली नाही. लॉस एंजेलिसने मुबलक जमीन देऊ केली. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, त्यास ६,७०२ माणसे हजर होती. ८ ऑक्टोबरला संघ जाणार हे जाहीर झाले. १९६० साली मैदान पाडले आणि तेथे राहती घरे झाली. दोष मालकाचा की अधिकाऱ्याचा, याचा खल अमेरिकेत अजून संपलेला नाही. आम्हांस त्याहून मोठा वाटतो तो प्रश्न असा की, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जीव लावला त्यांचा त्या वस्तूवर काही हक्क आहे की नाही? कायद्याचे उत्तर स्वच्छ आहे : नाही. संघ ही मालमत्ता, मालक ती उचलून तीन हजार मैलांवर नेऊ शकतो. आमच्याकडे विठ्ठलाची मूर्ती विजयानगरास नेली गेली आणि भानुदासांनी ती परत पंढरपुरास आणली, अशी परंपरागत कथा आहे. ब्रुकलिनला भानुदास मिळाला नाही. उलट, दैवाचा खेळ असा की, जो विजय ब्रुकलिनला इतक्या तपांनंतर एकदाच लाभला, तो लॉस एंजेलिसला दुसऱ्याच वर्षी, १९५९ साली, लाभला.

त्याच सुमारास, १९५८ साली, डोरिसची आई वारली. हृदयविकाराने ती दीर्घकाळ आजारी होती. मुलीला पुस्तके वाचून दाखविण्याचा वारसा तिचा, जसा खेळाचा वारसा बापाचा. पंधरा वर्षांच्या मुलीचे घर मोडले. वडिलांना त्या वास्तूत राहवेना, ती विकावी लागली. मैदान गेले, आई गेली, घर गेले. येथे दुय्यम प्रतीच्या लेखकाने काय केले असते याची कल्पना करता येते. त्याने संघाच्या जाण्याला आईच्या जाण्याचे रूपक केले असते. बाईंनी तसे केले नाही. दोन्ही गोष्टी त्या शेजारी ठेवतात आणि एकीचे वजन दुसरीवर टाकीत नाहीत. आईच्या मृत्यूची पाने साधी, जवळजवळ कोरडी आहेत. तेथे बेसबॉलचा उल्लेख नाहीसाच होतो. ज्या दुःखाला ‘पुढले वर्ष’ नाही ते दुःख असे आल्यावर आधीच्या सगळ्या पराभवांची जात वाचकाला आपोआप कळते. आम्ही पुस्तक मिटून ठेवले ते येथे, आणि त्या रात्री पुढे वाचवले नाही.

यानंतर जे उपसंहाराचे प्रकरण आहे त्याविषयी आमचा लेखिकेशी मतभेद आहे. काही वर्षे बेसबॉलपासून दूर राहिल्यावर, हार्वर्डला शिकत असताना बाई बोस्टनच्या फेनवे पार्कवर गेल्या आणि रेड सॉक्स संघाच्या झाल्या. तोही तसाच, सदा तोंडचा घास गमावणारा संघ. १९१८ नंतर त्याला जागतिक मालिका मिळाली नव्हती. पुढे त्या आपल्या मुलांना घेऊन तेथे बसू लागल्या, आणि डोळे मिटले की एबेट्स फील्डवर वडिलांशेजारी बसलेली आपण त्यांना दिसू लागलो. प्रसंग हृद्य आहे. पण जन्माची निष्ठा अशी एका दैवतावरून दुसऱ्यावर जाऊ शकते काय, हा प्रश्न बाईंनी दहा-बारा पानांत हलक्या हाताने सोडवून टाकला. सोडून गेलेल्या संघावर प्रेम करीत राहणे, रागाने खेळच टाकून देणे, किंवा दुसरा संघ धरणे, असे तीन मार्ग ब्रुकलिनच्या लक्षावधी माणसांपुढे होते, आणि तिन्ही मार्गांनी माणसे गेली. पहिल्या दोन वाटांनी गेलेल्यांचे काय झाले, हे त्यांनी विचारावयास हवे होते. आम्ही स्वतः दुसऱ्या वाटेचे. २००८ साली आमच्याकडे खेळाडूंचा लिलाव पुकारला गेला, त्या दिवसापासून आम्ही क्रिकेट पाहणे सोडले. आमच्या चिरंजीवांना ते वेडेपण वाटते. बाईंचा उपसंहार वाचल्यावर ते वेडेपण थोडेसे आम्हांसही वाटू लागले आहे, परंतु मत बदलले असे अद्याप म्हणवत नाही.

पुस्तक निघाल्यावर सात वर्षांनी, २००४ साली, रेड सॉक्सनी यांकींविरुद्ध तीन सामने गमावल्यावर लागोपाठ चार जिंकले, आणि पुढे जागतिक मालिकाही जिंकली. तो संघ त्यानंतर २००७, २०१३ व २०१८ सालीही जिंकला. त्यामुळे आजच्या वाचकाला उपसंहारातील ती आशाळभूत वाट पाहणे थोडे जुने वाटेल. याला बाईंचा इलाज नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याने मात्र पत्रात कळविले की, २००४ च्या त्या रात्री बोस्टनमध्ये कित्येक माणसे स्मशानांत जाऊन आपल्या वडिलांच्या, आजांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या आणि झेंडे ठेवून आली.

एक उणीव आम्हांस राहून राहून वाटली. ज्या वहीवर सारे पुस्तक उभे आहे, तिच्या एखाद्या पानाची जशीच्या तशी नक्कल वाचकाला समजावून द्यावयास हवी होती. ती नाही म्हणून आम्ही स्वतःच प्रयत्न केला. ३ ऑक्टोबर १९५१ चा नववा डाव घेतला. ब्रुकलिन ४-१ ने पुढे. डार्क व म्युलर एकेका बेसपर्यंत पोहोचतात. आयर्विन झेल देऊन बाद. लॉकमन दोन बेस घेतो, डार्क घरी येतो, ४-२. म्युलरचा पाय मुरगळतो, त्याच्या जागी हार्टंग. न्यूकोंबच्या हातून चेंडू काढून ब्रँकाकडे दिला जातो. पुढला फलंदाज थॉमसन. वडिलांची जुनी वही काढून तिच्या मागल्या कोऱ्या पानांवर हे लिहू लागलो. पण ती क्रिकेटची, तिच्यात बेसबॉलचे चौकोन बसेनात. शेवटी पट्टी घेऊन नवे आखले. थॉमसनचा टोला टिपावयास एका खान्यात चार रेघा पुरतात.